‘हॅव’ आणि ‘आहे’ : इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाचा अर्थ आणि उपयोग

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी साजरी करणाऱ्या मराठी वाचनालयाच्या व्यासपीठावर इंग्रजी व्याकरणातील एका क्रियापदरूपाचा विचार व्हावा, हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी माणसाचे भाषिक जीवन कधीच एकपदरी नव्हते. घरात मराठी, बाजारात त्या त्या प्रांताची भाषा, मग ती कोठे कन्नड, कोठे हिंदी, कोठे गुजराती, तर कोठे तेलुगू, आणि महाविद्यालयात, कचेरीत, न्यायालयात इंग्रजी. अशा माणसाला एका भाषेचे व्याकरण दुसरीच्या शेजारी ठेवून पाहण्याची संधी आयतीच लाभलेली असते. बहुधा ती वाया जाते. ती वाया जाऊ न देता काय हाती लागते, हे पाहण्यासाठी इंग्रजीतील ‘प्रेझेंट परफेक्ट’ अर्थात पूर्ण वर्तमानकाळ हे रूप फार उपयोगी आहे. ते अत्यंत नित्याचे आहे, मराठीत त्याचा जुळा भाऊ शोभेल असे रूप आहे, आणि नेमक्या याच साम्यामुळे ते मराठी माणसाला पदोपदी चकविते.

रूपाची घडण साधी आहे. ‘हॅव’ अथवा ‘हॅज’ आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित. ‘आय हॅव लॉस्ट माय की’, म्हणजे ‘माझी किल्ली हरवली आहे’. याच्या शेजारी साधा भूतकाळ ठेवावा : ‘आय लॉस्ट माय की’, म्हणजे ‘माझी किल्ली हरवली’. किल्ली दोन्ही वाक्यांत हरवलेलीच आहे. मग भेद कशाचा? पहिले वाक्य उच्चारणारा माणूस बंद दारापुढे उभा आहे. किल्ली अजून सापडलेली नाही आणि त्याची अडचण या क्षणाची आहे. दुसरे वाक्य उच्चारणारा एक घडलेली हकिकत सांगत आहे; ती किल्ली पुढे सापडलीही असेल. पहिल्या वाक्याचा विषय आजची स्थिती हा आहे, दुसऱ्याचा विषय त्या दिवशीची घटना हा आहे.

ही गोष्ट इंग्रजी वैयाकरणांच्या ध्यानात फार पूर्वीच आली होती. लिंडली मरे यांचे १७९५ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी व्याकरण पुढे कित्येक दशके शाळाशाळांतून चालले. या काळात भूतकाळातील गोष्टीचा निर्देश असला तरी वर्तमानाकडेही अंगुलिनिर्देश असतो, असे मरे यांनी त्यात नोंदविले होते. विसाव्या शतकात डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२४ सालच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात हाच विचार अधिक नेमकेपणाने मांडला. त्यांच्या मते हा काळ मुळात वर्तमानकाळाचाच एक प्रकार आहे. मागे वळून पाहणारा वर्तमानकाळ असे त्याचे वर्णन करता येईल. बोलणाऱ्याचे पाय आजच्या भूमीवर रोवलेले असतात. दृष्टी तेवढी मागे गेलेली असते. मराठी वैयाकरणांनीही ‘आला आहे’ या रूपाची गणना भूतकाळात न करता ‘पूर्ण वर्तमानकाळ’ या नावाने वर्तमानकाळात केली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. नाव मार्मिक आहे. शाळेत ते पाठ होते, पण त्यातील ‘वर्तमान’ या शब्दाकडे फारसे कोणी थांबून पाहत नाही.

इंग्रजीला हे रूप लाभले कसे, याचा इतिहासही बोधप्रद आहे. ‘हॅव’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘जवळ असणे’. प्राचीन इंग्रजीत ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेल्या स्थितीत आहे’ अशा घडणीचे वाक्य असे. त्यातील धातुसाधित हे पत्राचे विशेषण असे आणि त्याला कर्माप्रमाणे विकारही होऊ शकत असे. हळूहळू ‘जवळ असणे’ हा अर्थ विरत गेला, धातुसाधित क्रियापदाला चिकटले, आणि ‘आय हॅव रिटन द लेटर’ हे आजचे वाक्य तयार झाले. मराठीने दुसरा मार्ग धरला. पाणिनींनी ज्यांना ‘निष्ठा’ ही संज्ञा दिली त्या क्त आणि क्तवतु या प्रत्ययांपैकी क्त-प्रत्ययान्त रूपांतून, प्राकृतातील ‘इल्ल’ प्रत्ययाची जोड मिळून, मराठीची ‘गेला’, ‘केला’ ही ल-कारयुक्त रूपे आली, असे भाषाशास्त्र सांगते. त्यांपुढे ‘असणे’ या धातूचे वर्तमानकाळी रूप ठेवले की ‘गेला आहे’, ‘केला आहे’ सिद्ध होते. म्हणूनच ‘त्याने ग्रंथ वाचला आहे’, ‘त्याने पोथी वाचली आहे’, ‘त्याने पुस्तके वाचली आहेत’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते.

हिंदीतील ‘आया है’, गुजरातीतील ‘आव्यो छे’ आणि कन्नडमधील ‘बंदिद्दाने’ या रूपांतही ‘असणे’ याच अर्थाचे साहाय्यक क्रियापद आहे. कोंकणीत ते इतके एकजीव झाले आहे की ‘आयलो’ म्हणजे आला आणि ‘आयला’ म्हणजे आला आहे, एवढाच स्वरभेद उरला. मराठी बोलण्यातले ‘आलाय’, ‘जेवलाय’ त्याच वाटेने निघालेले दिसते. शेजारपाजारच्या या भाषा या बाबतीत एका पंक्तीला बसतात. इंग्रजी मात्र ‘असणे’ सोडून ‘जवळ असणे’ घेऊन आली.

तरीही दोन्ही मार्ग एकमेकांना अगदीच अपरिचित नाहीत. गतिवाचक क्रियापदांच्या बाबतीत इंग्रजीतही एके काळी ‘असणे’ हेच साहाय्यक होते. ‘ही इज कम’ असे शुद्ध इंग्रजी शेक्सपिअरच्या काळी सर्रास चाले. १६११ सालच्या बायबलच्या भाषांतरातही ही घडण आढळते. ‘तो आला आहे’ या मराठी वाक्याचे ते शब्दशः प्रतिरूप होय. पुढे ‘हॅव’ने ती जागा बळकावली आणि आता ‘ही इज गॉन’सारखे काही अवशेष उरले. उलटपक्षी, ‘माझी ती कादंबरी वाचलेली आहे’ असे मराठी माणूस घरात सहज बोलून जातो. त्यात ‘मी’ नाही, ‘माझी’ आहे. वाचलेली कादंबरी जणू बोलणाऱ्याच्या मालकीची ठेव झाली. प्राचीन इंग्रजीने ‘हॅव’ ज्या भावनेने वापरले, ती याहून फार निराळी नव्हती.

आता उपयोगाकडे वळावे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जेम्स मॅकॉली यांनी १९७१ साली या रूपाचे जे चार उपयोग वेगळे करून दाखविले, ते आजही शिकविण्याच्या दृष्टीने सोयीचे आहेत. पहिला फलदर्शक : किल्ली हरवली आहे आणि दार बंद आहे. दुसरा अनुभवदर्शक : आजवरच्या आयुष्यात ती गोष्ट एकदा तरी घडली आहे. तिसरा सातत्यदर्शक : पूर्वी सुरू झालेली स्थिती अजून चालू आहे. चौथा वार्तादर्शक : काही तरी नुकतेच घडले आहे आणि ऐकणाऱ्याला ते नवीन आहे. इंग्रजी वृत्तपत्रातील बातमी पाहिली तर मंत्र्याने राजीनामा दिल्याची वार्ता बहुधा पूर्ण वर्तमानकाळात येते आणि तो केव्हा, कोणाकडे, कोणत्या शब्दांत दिला हा तपशील साध्या भूतकाळात येतो. मराठी बातमीदारही हेच करतो : ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला आहे. काल रात्री त्यांनी तो मुख्यमंत्र्यांकडे सादर केला.’

अनुभव आणि फल यांतील भेद एका जोडीने उत्तम स्पष्ट होतो. ‘शी हॅज गॉन टु काशी’ म्हणजे ती काशीला गेली आहे. घरी चौकशी केली तर भेटणार नाही. ‘शी हॅज बीन टु काशी’ म्हणजे ती काशीला जाऊन आली आहे. गंगाजलाचा गडू देवघरात आहे आणि ती स्वयंपाकघरात आहे. इंग्रजी शिकणाऱ्याला ‘बीन’चे हे कोडे बराच काळ छळते. ‘जाऊन आली आहे’ ही मराठी रचना समोर ठेवली की ते क्षणात सुटते. मातृभाषा येथे अडथळा न होता दिवा होते.

मात्र पुढची पायरी निसरडी आहे. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्यावरून बनलेले ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ हे इंग्रजी वाक्य मात्र सदोष ठरते. नोकरीच्या अर्जांतून ‘आय हॅव पास्ड बी.ए. इन नाइन्टीन नाइन्टी-टू’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले आहे. इंग्रजीचा नियम असा की ज्या क्षणी काल, गेल्या वर्षी, १९९२ साली असा सरून गेलेला काळ वाक्यात नावानिशी येतो, त्या क्षणी वर्तमानाशी धागा तुटतो आणि साधा भूतकाळच योजावा लागतो. पदवी आज जवळ आहे एवढेच सांगायचे तर ‘हॅव पास्ड’ चालेल. साल सांगायचे तर ‘पास्ड’ म्हणावे लागेल. दोन्ही एका वाक्यात मागता येत नाहीत.

सकाळची गोष्ट आणखी बोलकी आहे. सकाळी दहा वाजता ‘आय हॅव रेड द पेपर धिस मॉर्निंग’ म्हणता येते, कारण सकाळ अजून चालू आहे. तीच गोष्ट सायंकाळी सांगताना ‘आय रेड द पेपर धिस मॉर्निंग’ असे म्हणावे लागते. (‘रीड’ या क्रियापदाच्या दोन्ही रूपांचा उच्चार ‘रेड’ असाच होतो, हे येथे ध्यानात असावे.) घटना तीच, दिवस तोच, केवळ सकाळ नावाचा कालखंड मिटला म्हणून क्रियापद बदलले. इंग्रजी या रूपात घटना किती जुनी हे पाहत नाही. ज्या कालखंडात ती घडली त्याचे दार उघडे आहे की बंद, हे पाहते. ‘आजवरच्या आयुष्यात’ हा कालखंड माणूस जिवंत असेतो उघडा असतो. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या काशीयात्रेलाही ‘हॅज बीन’ लागू पडते.

काळाची अशी कुंपणे घालणारी इंग्रजी ही एकटीच भाषा नव्हे. पाणिनींनी ‘अनद्यतन’, म्हणजे आजचा नव्हे अशा भूतकाळासाठी लङ् सांगितला आणि सामान्य भूतकाळासाठी लुङ्. त्यांच्या कुंपणाची खूण ‘आज’ ही होती. फ्रान्समध्ये १६६० साली प्रसिद्ध झालेल्या पोर-रोयाल व्याकरणातही आजच्या घटनेला एक रूप आणि कालच्या घटनेला दुसरे, असा भेद सांगितला आहे. न पाहिलेल्या घटनेसाठी पाणिनींनी सांगितलेल्या लिट् या लकाराला युरोपीय पंडितांनी ‘परफेक्ट’ हेच नाव दिले, कारण घडणीने तो ग्रीक भाषेतील त्या नावाच्या रूपाचा सगोत्र होता. पण पाणिनींची कसोटी ‘परोक्ष’ ही होती. आजच्या स्थितीशी तिचा संबंध नव्हता. नावे सारखी असली तरी अर्थ सारखे असतीलच असे नाही, हा इशारा यातून घ्यावा.

म्हणूनच ‘हॅव सीन यस्टरडे’ लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मंदबुद्धी ठरविण्याचे कारण नाही. जर्मन माणूस आपल्या भाषेत ‘इश हाबे इन गेस्टर्न गेसेहेन’ म्हणतो. त्यात ‘हॅव’ही आहे आणि ‘काल’ही आहे, आणि ते शुद्ध जर्मन आहे. पोर्तुगीज भाषेत ‘जवळ असणे’ या क्रियापदाने बनलेले हेच रूप अलीकडे पुनःपुन्हा घडत आलेल्या गोष्टीसाठी राखीव आहे. एकदाच घडलेल्या घटनेला ते चालत नाही. गोव्यातील ज्या मंडळींचे शिक्षण १९६१ पूर्वी पोर्तुगीजमधून झाले, त्यांना इंग्रजीचे ‘हॅव’ वेगळ्याच ठिकाणी अडविते. खुद्द इंग्रजीतही एकवाक्यता नाही. जेवण झाले का, हे विचारताना इंग्लंडात ‘हॅव यू ईटन?’ म्हणण्याकडे कल असतो, तर अमेरिकेत ‘डिड यू ईट?’ हेही सर्रास ऐकू येते. प्रत्येक जण आपल्या भाषेचा नियम घेऊन दुसरीच्या दारात उभा राहतो. शिक्षकाला विद्यार्थ्याच्या भाषेचा नियम ठाऊक असेल तरच त्याची चूक कोठून आली हे कळते. अन्यथा तांबड्या शाईची रेघ तेवढी उमटते.

दुसरा घोटाळा सातत्याचा. ‘मी १९९० पासून येथे काम करतो आहे’ या मराठी वाक्यात क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि ते योग्यच आहे, कारण काम चालू आहे. त्यावरून ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स नाइन्टीन नाइन्टी’ हे भारतभर बोलले जाणारे वाक्य जन्मले. प्रमाण इंग्रजीला येथे ‘आय हॅव वर्क्ड’ अथवा ‘आय हॅव बीन वर्किंग’ हवे असते. काम चालू असताना क्रियापद पूर्ण कसे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर असे की १९९० ते आज हा काळाचा पट्टा एकसंध मोजून दाखवायचा असेल तर इंग्रजीला मागे वळून पाहणारे रूप लागते. मराठीतही असे रूप आहे. ‘करीत आलो आहे’ ही रचना घ्यावी. ‘आजोबा या पेठेत वैद्यकी करीत आले आहेत’ या वाक्यात मागचा सारा प्रवासही आला आणि आजचे चालू असणेही आले. ‘हॅव बीन वर्किंग’ शिकविताना ‘करीत आलो आहे’ सांगितले तर फळ्यावर कालरेषा काढण्याचीही गरज उरत नाही.

या ठिकाणी होणारी चूक परीक्षेतील एका गुणावर भागत नाही. रहिवासाच्या दाखल्यासाठी इंग्रजीत निवेदन लिहिणाऱ्या माणसाचा विचार करावा. ‘ही लिव्ह्ड इन धिस टाउन फॉर ट्वेन्टी इयर्स’ असे त्याने लिहिले तर त्याचा सरळ अर्थ, तो वीस वर्षे येथे राहत होता आणि आता राहत नाही, असा होतो. ‘ही हॅज लिव्ह्ड’ लिहिले तर वास्तव्य चालू असल्याचे सूचित होते. परंतु कधी काळी वीस वर्षे राहिल्याचा अनुभव आहे, असाही अर्थ त्यातून क्वचित ओढता येतो. ‘सिन्स’ लावून साल लिहिले म्हणजे ती फटही बुजते. ज्याचा हक्क वास्तव्याच्या वर्षांवर मोजला जातो, त्याच्यासाठी ‘हॅज’ हा एक शब्द घराच्या उताऱ्याइतका मोलाचा आहे.

तीच गोष्ट विम्याच्या आणि परदेशप्रवासाच्या प्रपत्रांची. ‘हॅव यू एव्हर बीन रिफ्यूज्ड अ व्हिसा?’ या प्रश्नाचा ‘तुम्हाला व्हिसा नाकारला आहे का?’ असा अर्थ घेतला, तर मन आपोआप अलीकडच्या घटनेकडे जाते आणि पंधरा वर्षांपूर्वीचा नकार आठवत नाही. ‘हॅव’ आणि ‘एव्हर’ एकत्र आले की प्रश्नाची व्याप्ती जन्मापासून या क्षणापर्यंत असते. ‘आजवर कधीही’ हे त्याचे नेमके मराठी. विम्याच्या कागदात आजाराविषयी असाच प्रश्न असतो आणि तेथील अपुरे उत्तर पुढे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकते. घरातील वडीलधाऱ्यांची प्रपत्रे भरून देणाऱ्या तरुणांनी हे ‘आजवर कधीही’ मोठ्याने वाचून दाखवावे.

मराठीच्या बाजूने निघणारे आणखी दोन चकवे आहेत. ‘तो बसला आहे’, ‘ती झोपली आहे’, ‘त्याने टोपी घातली आहे’, ‘मला भूक लागली आहे’ ही सारी वाक्ये मराठीत पूर्ण वर्तमानकाळी आहेत, पण त्यांचा अर्थ निव्वळ आजची स्थिती हा आहे. इंग्रजी येथे ‘हॅव’ वापरीत नाही. ‘ही इज सिटिंग’, ‘शी इज अस्लीप’, ‘ही इज वेअरिंग अ कॅप’, ‘आय अ‍ॅम हंग्री’ असे साधे वर्तमानच त्याला लागते. क्रियेच्या फळाला वर्तमान मानण्यात मराठी इंग्रजीच्याही पुढे गेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दुसरा चकवा ‘होतो’चा. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ या वाक्याचे ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे’ असे भाषांतर जागोजागी आढळते. मराठीतील ‘गेलो होतो’ पुष्कळदा संपलेल्या घटनेची सुटी हकिकत सांगते. इंग्रजीतील ‘हॅड गॉन’ला मात्र तिच्यानंतर घडलेली दुसरी घटना लागते. ती नसेल तर ‘आय वेन्ट’ पुरेसे आहे.

आजवर मराठीचा ठसा इंग्रजीवर उमटत होता. आता उलटे वारेही वाहू लागले आहे. इंग्रजी माध्यमातून शिकलेली आणि महाराष्ट्राबाहेर वाढलेली मुले, तसेच घाईने केलेली भाषांतरे यांतून ‘मी येथे दहा वर्षे राहिलो आहे’ असे वाक्य ‘अजून राहत आहे’ या अर्थाने कानी पडते. मराठी कानाला त्यातून दहा वर्षांच्या वास्तव्याचा अनुभव ऐकू येतो आणि बोलणारा आता तेथे नसावा, अशी शंका येते. म्हणजे इंग्रजीत ज्या रूपाने वास्तव्य चालू राहते, मराठीत त्याच रूपाने ते संपल्यासारखे वाटते. ‘दहा वर्षे येथे राहतो आहे’ हे साधे, जुने, अर्थपूर्ण वाक्य अशा वेळी हातचे निसटते. ‘राहत आलो आहे’, ‘जाऊन आलो आहे’, ‘वाचून झाले आहे’, ‘वाचलेले आहे’, ‘आजवर कधी वाचले आहे’ या प्रत्येक रचनेची छटा वेगळी आहे. इंग्रजी एका ‘हॅव’वर जे काम भागविते, त्यासाठी मराठीपाशी एवढी हत्यारे आहेत. ती न वापरल्याने बोथट होतात. १८३६ साली दादोबा पांडुरंग यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले आणि १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. या ग्रंथांनी घालून दिलेली स्वभाषेकडे डोळसपणे पाहण्याची शिस्त इंग्रजी शिकणाऱ्यालाही तितकीच लागते.

या सगळ्यातून व्यवहारापुरत्या तीन कसोट्या हाती येतात. वाक्यात सरलेल्या काळाचे नाव आहे काय? असल्यास ‘हॅव’ नको. पूर्वी सुरू झालेली गोष्ट आज चालू आहे आणि तिचा काळ मोजून सांगायचा आहे काय? असल्यास ‘हॅव’ हवे, मराठीत क्रियापद वर्तमानकाळी असले तरीही. मराठीतील ‘आहे’ केवळ स्थिती सांगते काय? तसे असल्यास इंग्रजीत साधे वर्तमान पुरे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मराठी वाक्याकडे नीट पाहिल्यावरच मिळतात, हे विसरता कामा नये.

शेवटी एक सूक्ष्म भेद राहतो आणि तो ग्रंथालयाला जवळचा आहे. ‘आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ हे वाक्य आज इंग्रजी कानाला खटकते, याकडे नोम चॉम्स्की यांनी लक्ष वेधले होते. कारण आइनस्टाइन १९५५ साली निवर्तले आणि त्यांच्या आयुष्याचा कालखंड मिटला. ज्या व्यक्तीविषयी बोलणे चालले आहे ती हयात असावी, अशी या रूपाची अलिखित अट आहे. ‘प्रिन्स्टन’ हा विषय केला आणि त्या गावाला आइनस्टाइन यांनी भेट दिली आहे असे इंग्रजीत फिरवून म्हटले, तर मात्र वाक्य पचते; कारण गाव नांदते आहे.

मराठीने ही अट घातलेली नाही. ज्ञानेश्वरी १२९० साली सिद्ध झाली, तरी ‘ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे’ असेच आपण आजही म्हणतो. बोलणारा गेला, पण बोल समोर आहेत, म्हणून ‘आहे’. हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘ज्ञानेश्वर सेज’ असे साधे वर्तमान योजणे बरे. ‘हॅज सेड’ तेथे अवघडून बसते. देणगीदारांच्या फलकावरही हा भेद दिसावयास हवा. ‘कै. अमुक यांनी दोनशे ग्रंथ दिले आहेत’ हे मराठीत शोभते. ग्रंथ कपाटात आहेत, तोवर देणेही चालू आहे, असा त्याचा ध्वनी आहे. त्याखाली इंग्रजीत ‘हॅज गिव्हन’ असे कोरले तर ती चूक होईल. तेथे ‘गेव्ह’ हवे. देणे संपले असे सुचविणे जिवावर येत असेल तर ग्रंथांनाच कर्ता करावे : ‘दीज बुक्स हॅव बीन इन धिस लायब्ररी फॉर सिक्स्टी इयर्स’. दाता गेला तरी ग्रंथ येथे आहेत, एवढे इंग्रजीलाही निःशंकपणे म्हणता येते.

आणि शताब्दीच्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकेवर काय छापावे, हा प्रश्न पडलाच तर ‘सर्व्ह्ड’ आणि ‘हॅज सर्व्ह्ड’ यांतील भेद ध्यानी ठेवावा. शंभर वर्षे वाचकांची सेवा केली, हे बंद पडलेल्या संस्थेविषयीही म्हणता येते. शंभर वर्षे सेवा करीत आली आहे, हे मात्र तिच्या दारावर आजही कुलूप नाही तोवरच म्हणता येते. व्याकरणाला एवढेच सांगता येते. ते वाक्य खरे ठेवणे सभासदांच्या आणि आश्रयदात्यांच्या हाती आहे.